मागणीची भाषा : वऱ्हाडातील ग्रामगटांसाठी वाटाघाटी आणि पाठपुराव्याचे शिक्षण

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास
• गाऱ्हाणे, मागणी, प्रस्ताव आणि करार या चार भाषिक कृतींतील फरक स्पष्ट करता येईल.
• वाटाघाटीतील ‘भूमिका’ आणि ‘हित’ यांमधील भेद उदाहरणांनी सांगता येईल.
• कार्यालयीन मराठीतील कर्ताहीन वाक्यरचना ओळखून तिचे निश्चित आश्वासनात रूपांतर करता येईल.
• आपल्या गावातील बचत गट किंवा समितीसाठी वाटाघाटींचा सराव वर्ग आखता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीचा अभ्यास म्हणजे अर्ज, निवेदन, ठराव आणि इतिवृत्त यांचे नमुने पाठ करणे, असा एक समज आढळतो. नमुना येणे आवश्यकच आहे. परंतु निवेदन शुद्ध असूनही काम होत नाही, असा अनुभव आपणांपैकी अनेकांनी घेतला असेल. आपण बचत गटात, शाळा व्यवस्थापन समितीत किंवा ग्रामपंचायतीत काम करीत असाल, तर तहसील कार्यालयात दिलेला कागद वर्षभर तसाच पडून राहतो म्हणजे काय, हे आपणांस वेगळे सांगायला नको.

असे का होते? एक कारण सत्तेचे आहे, तसेच एक कारण भाषेचेही आहे. गावाचे बोलणे जोपर्यंत ‘गाऱ्हाणे’ या रूपात राहते, तोपर्यंत ऐकणाऱ्यावर सहानुभूतीपलीकडे काहीच बंधन येत नाही. तेच बोलणे उघडपणे मांडले गेले, नोंदले गेले आणि त्याला कर्ता व काळ मिळाला, म्हणजे मात्र उत्तर देणे भाग पडते. वाटाघाटीचे कौशल्य म्हणजे गोड बोलण्याची किंवा आवाज चढवण्याची हातोटी नव्हे. बोलणे नोंदीपर्यंत नेण्याची ती शिस्त आहे. हा विचार आपण अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांतील उदाहरणांच्या आधारे समजून घेऊ.

२. संज्ञा

दोन किंवा अधिक पक्षांनी परस्परांच्या गरजा मांडून, देवाणघेवाण करून सर्वांना मान्य होईल असा निर्णय गाठण्याची प्रक्रिया म्हणजे वाटाघाटी. निर्णय ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यापर्यंत आपली बाजू माहिती, संख्या आणि सातत्य यांच्या बळावर वारंवार पोचवणे म्हणजे पाठपुरावा. ‘लॉबिंग’ हा शब्द आज मराठीत रुळला आहे. स्वयंसेवी संस्थांच्या क्षेत्रात ‘जनवकिली’ असेही म्हणतात. या शब्दाची ‘वशिला’ या शब्दाशी गल्लत करू नये. वशिला खाजगीत चालतो आणि एका व्यक्तीपुरता असतो. पाठपुरावा उघडपणे होतो आणि त्याचा लाभ समूहाला मिळतो. वशिल्याने झालेले काम पुढच्या वेळी त्याच मध्यस्थाच्या दारात उभे करते. पाठपुराव्याने झालेल्या कामातून गट शिकतो आणि पुढचे काम स्वतः करतो.

३. वऱ्हाडचा वारसा : उघड्यावर आणि कागदावर

वाटाघाटी हा विषय बाहेरून आलेला आहे, असे मानण्याचे कारण नाही. वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासातील दोन प्रसंग त्या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत.

पहिला प्रसंग कापसाच्या बाजाराचा. देशातील अनेक बाजारांत दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही एक सांकेतिक भाषाच होती. पण माल ज्याचा, त्या शेतकऱ्यालाच ती कळत नसे. त्याच्या देखत, त्याच्याच कापसाचा सौदा त्याला अगम्य भाषेत होत असे. वऱ्हाडात १८८६ साली कारंजा (लाड) येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा आला. बाजाराला समिती, नियम आणि परवाने यांची चौकट मिळाली. मात्र या समित्यांत व्यापाऱ्यांचा वरचष्मा होता. शेतकऱ्यांच्या प्रतिनिधित्वाचा मुद्दा पुढे १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने हाती घेतला. यातून दोन गोष्टी लक्षात येतात : सौदा उघड्यावर आला पाहिजे, आणि जेथे सौद्याचे नियम ठरतात तेथे आपला माणूस बसला पाहिजे.

दुसरा प्रसंग कर्जाचा. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख १९३० ते १९३३ या काळात मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारात मंत्री होते. शेतकऱ्यांच्या कर्जाचा प्रश्न त्यांनी लावून धरला आणि १९३३ साली कर्ज लवाद कायदा झाला. या कायद्याने नेमलेल्या मंडळापुढे ऋणको आणि सावकार यांना समोरासमोर आणले जाई, कर्जाचे तपशील मागवले जात आणि तडजोड घडवण्याचा प्रयत्न होई. तडजोड झाली की ती लिहून नोंदवली जाई आणि तिला न्यायालयीन हुकूमनाम्याचे बळ मिळे. ऋणकोने देऊ केलेली रास्त तडजोड सावकाराने नाकारली, तर मंडळ तसा दाखला देऊ शकत असे. मग तो सावकार दिवाणी न्यायालयात गेला, तरी खर्च आणि व्याज यांबाबत त्याचे नुकसान होई. म्हणजे कायद्याने ‘नाही’ म्हणण्याची किंमत वाढवली होती. ‘आमचे ऐकले नाही, तर समोरच्याचे काय बिघडेल?’ हा वाटाघाटीतील मूलभूत प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर नुसत्या विनवणीने निर्णय बदलत नाही.

४. गाऱ्हाण्यापासून करारापर्यंत

तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी बोलणे ही केवळ माहिती देणे नसून ती एक कृती असते, असा सिद्धान्त मांडला. वचन देणे, मागणे, नाकारणे या भाषेने केलेल्या कृती आहेत. या दृष्टीने ग्रामगटाच्या बोलण्याच्या चार पायऱ्या करता येतात. एक उदाहरण घेऊ.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांचा पट्टा ‘खारपाणपट्टा’ म्हणून ओळखला जातो. येथील भूजल क्षारयुक्त असल्याने विहीर किंवा बोअर असूनही पिण्याच्या पाण्याचा प्रश्न सुटत नाही. समजा, या पट्ट्यातील एका गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येते आणि तेथील महिला बचत गटाला हा प्रश्न मांडायचा आहे.

गाऱ्हाणे : ‘आमच्या गावात पाण्याचे फार हाल आहेत.’ ही भावना खरी आहे. पण ऐकणाऱ्याने नेमके काय करावे, हे त्यात नाही.

मागणी : ‘गावाला दर तिसऱ्या दिवशी पाणी मिळावे.’ येथे अपेक्षा स्पष्ट झाली. ती मोजता येते.

प्रस्ताव : ‘पुरवठ्याचे वेळापत्रक बदलावे, गावातील गळत्या शोधण्याचे काम आमचा गट करील आणि पाणीपट्टीची थकबाकी वसूल करण्यास ग्रामपंचायतीला साहाय्य करील.’ येथे मागणाऱ्याने स्वतःचा वाटाही पुढे केला आहे. समोरच्याची अडचण ओळखली आहे.

करार : ‘शाखा अभियंता पंधरा तारखेपर्यंत पाहणी करतील; पहिल्या तारखेपासून नवे वेळापत्रक लागू होईल; गट तोपर्यंत गळत्यांची यादी देईल.’ येथे कोण, काय आणि केव्हा या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

बहुतेक गटांची तयारी पहिल्या पायरीपुरती असते. भेटीत पंधरा मिनिटे मिळतात. त्यांपैकी बारा गाऱ्हाण्यात जातात. प्रशिक्षणाचा पहिला हेतू हे प्रमाण उलटे करणे हा आहे. अर्थात गाऱ्हाणे टाकाऊ नव्हे. गटाच्या बैठकीत प्रत्येकीला ते मनमोकळेपणे मांडू द्यावे; त्यातूनच मागणी तयार होते.

५. भूमिका आणि हित

रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या वाटाघाटीवरील ग्रंथात भूमिका आणि हित यांतील भेद प्रभावीपणे मांडला आहे. ‘आम्हाला हेच पाहिजे’ ही भूमिका. ‘ते का पाहिजे’ याचे उत्तर म्हणजे हित. अकोला जिल्ह्यातील वान धरणाचा विचार करा. या पाण्यावर तेल्हारा-अकोट भागातील सिंचन अवलंबून आहे आणि खारपाणपट्ट्यातील खेड्यांचे पिण्याचे पाणीही. ‘धरणाचे पाणी बाहेर जाऊ देणार नाही’ आणि ‘पाणी मिळालेच पाहिजे’ या दोन भूमिका समोरासमोर आल्या की वाट खुंटते. पण शेतकऱ्याचे हित म्हणजे रब्बीच्या पाण्याची पाळी चुकू नये, आणि गावकऱ्याचे हित म्हणजे उन्हाळ्यात घागर रिकामी राहू नये. ही हिते मांडली, तर किती पाणी, कोणत्या महिन्यात, गळती किती, पर्यायी स्रोत कोणता, असे मोजता येणारे प्रश्न उभे राहतात. प्रश्न मोजता येऊ लागले की बोलणी पुढे सरकतात.

मराठी भाषा या कामी एक साधन देते, ते म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो सामावला जातो. ‘आम्हाला वेळापत्रक द्या’ आणि ‘हे वेळापत्रक आपण कसे बसवू शकतो?’ या दोन वाक्यांत समोरच्या अधिकाऱ्याची जागा बदलते. हक्क सांगताना ‘आम्ही’ आणि तोडगा शोधताना ‘आपण’, असा विवेक ठेवावा. सतत ‘आपण’ म्हटल्यास जबाबदारी पुसट होते आणि सतत ‘आम्ही’ म्हटल्यास दार बंद होते.

६. कर्ता शोधा

कार्यालयीन मराठीचे एक लाडके वाक्य आपणांस परिचित असेल : ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे. परंतु त्यात कर्ता नाही. ‘येईल’ हे भविष्यकाळाचे रूप असले, तरी तारीख नाही. ‘योग्य ती’ या शब्दांनी कृतीही मोकळी सोडली आहे. ‘यथावकाश’, ‘नियमानुसार’, ‘सकारात्मक विचार करू’ हे शब्दप्रयोग याच कुळातील. प्रत्येक वेळी त्यामागे हेतू वाईट असतो असे नाही. अधिकाऱ्यालाही निधी, मंजुरी आणि वरिष्ठांची मर्यादा असते. पण असे वाक्य घेऊन घरी परतणारा गट रिकाम्या हाताने परततो, हे त्याला कळले पाहिजे.

म्हणून सरावात पुढीलसारखा संवाद करून घ्यावा.

अध्यक्षा : साहेब, आमच्या गावच्या विहिरीचं पानी खारं आहे. नळ आठ दिवसाआड येते.
अधिकारी : बघतो ताई. योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.
अध्यक्षा : कार्यवाही म्हंजे काय, अन् कोन करनार, तेवढं आमाले सांगा साहेब. घरी बाया वाट पाहून रायल्या, त्यायले काय सांगू?
अधिकारी : शाखा अभियंत्यांना पाहणीला पाठवतो.
अध्यक्षा : कवा पाठवता? सोमवारी आले तं आमी सगळ्या गावातच आहो. तारीख तेवढी या कागदावर लिहून द्या.

या संवादात कोठेही उद्धटपणा नाही. अध्यक्षेने केवळ तीन रिकाम्या जागा भरून घेतल्या : कर्ता, कृती आणि काळ.

७. कोणते दार ठोठवावे

योग्य मागणी चुकीच्या दारी नेली, तर ती पुढे सरकत नाही. म्हणून गटाला व्यवस्थेचा नकाशा पाठ असावा. जिल्ह्याच्या लोकशाही दिनात वैयक्तिक स्वरूपाची तक्रार घेतली जाते. सामूहिक मागणीसाठी ग्रामसभा हे पहिले दार आहे. ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेत विषय मांडावा, ठरावाला सूचक व अनुमोदक मिळवावेत, ठराव क्रमांक लिहून घ्यावा. पुढील प्रत्येक निवेदनात ‘संदर्भ’ या रकान्यात हा क्रमांक आला की तो कागद एका व्यक्तीचा न राहता गावाचा होतो. निवेदन दिल्यावर आवक शिक्का असलेली पोच घ्यावी. उत्तर न आल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये ‘आमच्या अमुक दिनांकाच्या निवेदनावर काय कार्यवाही झाली’ अशी माहिती मागावी; ती सर्वसाधारणपणे तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे.

काही बाबतींत कायदा संख्येला थेट बळ देतो. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिला मतदारांपैकी २५ टक्के महिलांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेता येते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’ला मत दिल्यास दुकान बंद होते. येथे मोर्चाच्या घोषणांपेक्षा मतदार यादी घेऊन घरोघर जाणे अधिक मोलाचे ठरते. मतदानाला न आलेली महिला ‘आडव्या’ बाजूला मोजली जात नाही, हे गटाने आधीच समजून घेतले पाहिजे.

८. पायविहीरचे उदाहरण

अमरावती जिल्ह्याच्या अचलपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पायविहीर हे छोटे गाव आहे. गावालगतचे जंगल उजाड झाले होते आणि रोजगारासाठी स्थलांतर होत असे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या परंपरागत जंगलाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क मागता येतो. ‘खोज’ या संस्थेच्या साहाय्याने गावाने हा दावा केला आणि २०१२ साली पायविहीरला सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गावाने वृक्षलागवड केली, जंगल राखले, सीताफळांची विक्री संघटितपणे सुरू केली. २०१४ साली या कामाला जैवविविधता पुरस्कार मिळाला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातील भाषिक प्रवास महत्त्वाचा आहे. ‘जंगल आमचेच आहे’ हे गाव पिढ्यान्‌पिढ्या म्हणत असते. कायद्याने मागितलेली भाषा मात्र वेगळी असते : सीमा कोणत्या, पुरावा कोणता, ग्रामसभेचा ठराव कोणता. हा दावा ग्रामसभेकडून उपविभागस्तरीय आणि जिल्हास्तरीय समितीकडे जातो. ज्येष्ठांच्या आठवणी, पायवाटा, देवस्थाने, गुरे चारण्याच्या जागा हे सारे मौखिक ज्ञान नकाशात आणि नोंदीत उतरवावे लागते. हक्क मिळाल्यावर गाव मजुरी मागणारे न राहता आपल्या जंगलाचा आराखडा पुढे ठेवणारे होते. चार पायऱ्यांच्या भाषेत सांगायचे, तर ते गाऱ्हाण्याकडून प्रस्तावाकडे येते.

९. सराव वर्ग कसा घ्यावा

वर्ग बोलीतच घ्यावा. प्रमाण भाषेत बोलायला लावले की अनुभवी बाईसुद्धा गप्प बसते, कारण तिचे लक्ष मुद्द्यावरून ‘ण’ आणि ‘न’ यांवर जाते. वऱ्हाडी ही अशुद्ध मराठी नव्हे. ‘मले’, ‘तुले’ ही रूपे तिच्या व्याकरणाची नियमित रूपे आहेत. मराठीतील आद्य गद्यग्रंथांपैकी असलेले ‘लीळाचरित्र’ अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सिद्ध झाले, हेही वर्गात सांगावे. तोंडी बोलणी वऱ्हाडीत आणि लेखी निवेदन प्रमाण मराठीत, अशी वाटणी करावी. लेखी मजकूर मात्र गटापुढे मोठ्याने वाचून, प्रत्येक वाक्याचा अर्थ बोलीत सांगून मगच सह्या घ्याव्यात. न समजलेल्या कागदावरची सही ही रुमालाखालच्या बोटांसारखीच असते.

वर्गाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल. प्रथम प्रत्येक सदस्याने एकेक गाऱ्हाणे सांगावे. कमी बोलणाऱ्यांना आधी संधी द्यावी. नंतर त्यांतील एक निवडून त्याची मागणी एका वाक्यात बांधावी. तिसऱ्या टप्प्यात गट आपसांत ठरवील : आपल्याला काय मिळालेच पाहिजे, कशावर जुळवून घेता येईल, काय सोडता येणार नाही. हा टप्पा सर्वांत कठीण असतो, कारण गावही एकजिनसी नसते. मुख्य वस्तीला नळ आणि टोकाच्या वस्तीला टँकर, अशा तडजोडीला ‘गावाचे एकमत’ म्हणता येणार नाही. टोकाच्या वस्तीतील सदस्य शिष्टमंडळात असेल, तर असा करार सहसा होत नाही. शेवटी भूमिका वाटून घेऊन भेटीचा सराव करावा. एक बोलेल, एक लिहील, एक कागदपत्रे सांभाळील. मग अदलाबदल करावी. जिने अधिकाऱ्याची भूमिका केली, तिला समोरच्याची अडचण आतून कळते आणि पुढच्या फेरीत ती अधिक नेमके विचारते.

१०. मर्यादा

वाटाघाटी हा संघर्षाला पर्याय आहे, असे समजू नये. डिसेंबर २०१७ मध्ये अकोल्यात शेतकरी जागर मंचाच्या वतीने कापूस, सोयाबीन आणि धान उत्पादकांच्या मागण्यांसाठी आंदोलन झाले. माजी केंद्रीय अर्थमंत्री यशवंत सिन्हा त्यात सहभागी होते. ४ डिसेंबरला पोलिसांनी आंदोलकांना ताब्यात घेतले; त्यांनी पोलीस मुख्यालयाच्या मैदानावरच ठिय्या दिला आणि मागण्या मान्य झाल्यावर ६ डिसेंबरला आंदोलन मागे घेतले. बोंडअळीने झालेल्या नुकसानीची भरपाई आणि शेतमालाची सरकारी खरेदी हे त्यांतील प्रमुख विषय होते. येथे दबावामुळे बोलणी झाली आणि बोलण्यांमुळे दबावाला फळ आले. मात्र ‘मागणी मान्य झाली’ आणि ‘मागणी अंमलात आली’ या दोन वाक्यांतील अंतर प्रत्येक आंदोलनाला नंतर चालावेच लागते. ते अंतर तारखा, पोचपावत्या आणि पुन्हा पुन्हा घेतलेल्या भेटी यांनीच कापले जाते. मैदान गाजवणारे अनेक असतात. वहीत तारखा टिपून ठेवणारे एक-दोनच. प्रत्येक गटात अशी वही सांभाळणारी व्यक्ती तयार करणे, हे प्रशिक्षणाचे माफक वाटणारे पण खरे उद्दिष्ट आहे.

सारांश

वाटाघाटी ही भाषिक कृती आहे. गाऱ्हाणे, मागणी, प्रस्ताव आणि करार या तिच्या चार पायऱ्या होत. भूमिकेमागील हित ओळखल्यास तोडग्याची शक्यता वाढते. कर्ता, कृती आणि काळ नसलेले आश्वासन हे आश्वासन नव्हे. बाजार कायदा, कर्ज लवाद आणि सामूहिक वनहक्क या तिन्ही उदाहरणांत उघडपणा व नोंद यांमुळे दुर्बल पक्षाच्या शब्दाला वजन आले. बोलीचा आत्मविश्वास आणि प्रमाण भाषेची लेखी शिस्त या दोन्हींची ग्रामगटाला गरज असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘रस्त्याच्या दुरुस्तीबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्यातील तीन उणिवा सांगा आणि ते वाक्य पुन्हा लिहा.
२. आपल्या गावातील एका प्रश्नावर दोन पक्षांच्या भूमिका आणि हिते यांचा तक्ता तयार करा.
३. वशिला आणि पाठपुरावा यांतील फरक स्वतःच्या परिसरातील उदाहरणाने स्पष्ट करा.

उपक्रम : आपल्या ग्रामपंचायतीच्या मागील ग्रामसभेचे इतिवृत्त वाचा. त्यातील कोणत्या ठरावांत कर्ता व मुदत नमूद आहे आणि कोणत्या ठरावांत नाही, याची नोंद करा. मुदत उलटून गेलेल्या एका ठरावाची सद्यःस्थिती विचारणारा अर्ज लिहा, तो खरोखर सादर करा आणि पोचेची प्रत स्वाध्यायासोबत जोडा.